विमा, दलाल आणि परभणीचा सातबारा

विमादलाली हा व्यवसाय सामान्यतः मुंबई-पुण्यातील कार्यालयांशी, कारखान्यांच्या आगीच्या विम्याशी आणि मोठ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याशी जोडला जातो, आणि त्यामुळे कापूस व सोयाबीन पिकवणाऱ्या परभणी जिल्ह्याच्या संदर्भात त्याचा इतिहास लिहिता येईल असे सहसा कुणाला वाटत नाही. प्रत्यक्षात मात्र या जिल्ह्यातील प्रत्येक खातेदार शेतकरी, त्याला स्वतःला माहीत असो वा नसो, अनेक वर्षे एका विमादलाल कंपनीच्या कक्षेत होता, कारण राज्य शासनाने शेतकऱ्यांसाठी घेतलेल्या अपघात विम्याचे कामकाज अशा कंपन्यांमार्फत चालत असे. मराठवाड्याच्या खेड्यापर्यंत हा व्यवसाय पोचला तो बाजाराच्या वाटेने नव्हे, तर शासननिर्णयाच्या वाटेने, ही बाब त्याच्या इथल्या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

विम्यातील मध्यस्थांचे दोन प्रकार येथे आरंभीच वेगळे करणे आवश्यक आहे. एजंट हा विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो आणि तो ज्या कंपनीचा असेल तिचीच पॉलिसी विकतो. दलाल, म्हणजेच ब्रोकर, हा कायद्याने ग्राहकाचा प्रतिनिधी असतो, अनेक कंपन्यांकडून दर मागवून त्यांतून योग्य ती पॉलिसी निवडणे आणि नुकसान झाल्यावर ग्राहकाच्या वतीने दावा लढवणे हे त्याचे काम असते, जरी त्याची दलाली ग्राहकाकडून नव्हे तर कंपनीकडून, हप्त्याच्या ठरावीक टक्क्यांनी येत असली तरी. ज्याचे काम करायचे तो एक आणि पैसे देणारा दुसरा, अशी ही विचित्र रचना जगभर रूढ आहे, आणि तिच्यातील ताण या धंद्यातील कोणालाही अपरिचित नाही.

परभणीने पहिला प्रकार आधी पाहिला. निजामाच्या हैदराबाद संस्थानात सरकारी नोकरांसाठी १९०७ मध्ये कुटुंब निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला व त्यातूनच पुढे संस्थानाचा सरकारी आयुर्विमा उभा राहिला, त्यामुळे मराठवाड्यात विमा प्रथम पगारदारांच्या घरी पोचला असे म्हणावे लागते. मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला सातारा येथे अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी स्थापन केली, ती मात्र खाजगी उद्योजकतेतून. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले, तेव्हा परभणी अद्याप हैदराबाद राज्यात होते. मुंबई राज्यात ते दोन महिन्यांनी, १ नोव्हेंबरला आले. पुढची चार दशके जिल्ह्यात विमा म्हणजे एलआयसी आणि विम्याचा माणूस म्हणजे तिचा एजंट हे समीकरण पक्के राहिले. जिल्हा परिषदेचे शिक्षक, तलाठी आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचे कर्मचारी यांचे हप्ते पगारातून कापले जात, म्हणून एजंटाला ते प्रिय. शेतकऱ्याचा हप्ता मात्र कापूस विकला जाईपर्यंत अडून राही आणि पावसाने दगा दिला की पॉलिसी बंद पडे. स्वतःच्या कमिशनमधून ग्राहकाला सूट देण्यास १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ४१ मनाई करते, आणि त्या कलमाचा सर्वाधिक भंगही एजंटाच्या याच पायरीवर होत आला.

दलाल या दुसऱ्या मध्यस्थाला भारतात स्वतंत्र कायदेशीर स्थान मिळाले ते बऱ्याच उशिरा. मल्होत्रा समितीच्या १९९४ च्या अहवालानंतर १९९९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला, क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाले, आणि २००२ च्या नियमावलीने दलालांना परवाने देण्यास प्रारंभ केला. थेट विमा, पुनर्विमा, म्हणजे विमा कंपन्यांनी स्वतःच्या जोखमीचा उतरवलेला विमा, आणि या दोहोंचे एकत्रित काम असे त्यांचे तीन वर्ग झाले, व दलालांच्या परीक्षेची जबाबदारी पुण्याच्या राष्ट्रीय विमा अकादमीकडे आली. मोठ्या दलाल कंपनीतील दिवस ज्या कामांत जातो, म्हणजे जोखमीचे टिपण तयार करणे, कंपन्यांकडून दर मागवणे, पॉलिसीतील वगळलेल्या बाबी ओळीओळीने वाचणे, नूतनीकरणाच्या तारखा सांभाळणे आणि दाव्याच्या कागदपत्रांचा पाठपुरावा करणे, त्यांपैकी परभणीच्या वाट्याला मुख्यतः शेवटचे काम आले.

त्याला कारण ठरली राज्य शासनाची २००५-०६ पासूनची शेतकरी अपघात विमा योजना. तिची नावे बदलत गेली. २०१५-१६ पासून ती गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ओळखली गेली आणि मृत्यूसाठीची भरपाई एक लाखाची दोन लाख रुपये झाली. राज्यातील सुमारे १.३७ कोटी खातेदारांचा हप्ता शासन स्वतः भरत असे, विमा कंपनी निविदेने निवडली जात असे, आणि महसूल विभागांप्रमाणे विमादलाल कंपन्या नेमल्या जात, ज्यांना शासकीय भाषेत विमा सल्लागार कंपनी म्हटले जाई. कबाल, डेक्कन, जायका ही त्यांतील काही नावे. वारसाने प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा, तेथून तो जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्याकडे, तेथून दलाल कंपनीकडे आणि छाननीनंतर विमा कंपनीकडे जायचा, असा हा मार्ग होता, आणि त्यासाठी वारसाला दलालास काही द्यावे लागत नसे.

ही छाननी म्हणजे काय, हे प्रस्तावातील कागद पाहिल्यावर कळते. सातबारा व आठ-अ उतारा, वारसांची नोंद दाखवणारा सहा-क, फेरफाराचा सहा-ड, प्रथम माहिती अहवाल, घटनास्थळाचा आणि मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, आणि मृत व्यक्ती वाहन चालवत असल्यास तिचा परवाना, एवढे सारे एका फाइलीत जमले तरच ती पुढे सरके. शेतातील मृत्यू या चौकटीत सहज बसत नाहीत. विहिरीत पडणे, मोटारीचा शॉक, सर्पदंश आणि अंगावर वीज पडणे हे अपघात ज्या गावात घडतात तेथे पोलिसांकडे जाण्यापेक्षा दवाखाना गाठण्याची घाई असते, आणि माणूस वाटेतच गेला तर शवविच्छेदनाशिवाय अंत्यविधी उरकला जातो. व्हिसेऱ्याचा, म्हणजे पोटातील अवयवांच्या रासायनिक तपासणीचा अहवाल येण्यास महिने लागत, आणि मद्याचा अंश असल्याच्या केवळ शंकेवरही दावा अडे. वडील वारल्यानंतर मुलाच्या नावे फेरफार होण्यापूर्वीच मुलाचा अपघाती मृत्यू झाला, तर तो शेतकरी होता हेच सिद्ध होत नसे. दलाल कंपनीतील कर्मचारी अशा फाइलीवर त्रुटीचे पत्र काढी, ते जिल्ह्यावरून तालुक्याला आणि तेथून विधवेच्या दारी पोचे, आणि ती पुन्हा तहसील, पोलीस ठाणे व ग्रामीण रुग्णालय यांच्या चकरा सुरू करी.

या टप्प्यावर व्यवसायाच्या तत्त्वातील जुनी अडचण उघडी पडते. पॉलिसी घेणारे शासन होते, म्हणून दलालाचा ग्राहक शासन. भरपाई मिळणार वारसाला, पण त्याने दलालाला नेमलेले नव्हते व बहुधा त्याचे नावही ऐकलेले नव्हते. दावा नाकारला गेल्यावर वारस जिल्हा ग्राहक मंचाकडे जाई, तेव्हा विमा कंपनी आणि कृषी अधिकारी यांच्याबरोबर दलाल कंपनीलाही प्रतिवादी केले जाई. आपण केवळ मध्यस्थ आहोत आणि हप्ता स्वीकारलेला नाही, हा दलालांचा नेहमीचा बचाव असे. कायद्याच्या दृष्टीने तो बहुतांशी योग्यच होता. पण ज्याने दावेदाराच्या बाजूने भांडायचे तो मध्यस्थ टपाल पुढे पाठवणाऱ्या खिडकीवर येऊन थांबला, हे त्यातून स्पष्ट होते, आणि याचा दोष कर्मचाऱ्यांच्या आळसापेक्षा नेमणुकीच्या रचनेकडे अधिक जातो.

पीकविम्यात तर दलालाला एवढीही जागा मिळाली नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या क्षेत्राधारित पद्धतीवर, म्हणजे एकेका शेताऐवजी संपूर्ण परिसराच्या सरासरी उत्पन्नावर भरपाई ठरवण्याच्या कल्पनेवर, १९८५ च्या सर्वंकष पीकविमा योजनेपासून २०१६ च्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेपर्यंतची सारी मांडणी उभी आहे. जिल्ह्याला कोणती कंपनी मिळणार हे निविदेने ठरते, शेतकऱ्याचा हप्ता खरिपात सोयाबीनसारख्या पिकांसाठी विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्के असा बांधलेला असतो, आणि भरपाई महसूल मंडळातील पीककापणी प्रयोगांवर अवलंबून असते. निवड आणि घासाघीस या दलालाच्या दोन्ही कौशल्यांना तेथे वाव उरत नाही. पूर्वी बँक कर्जातूनच हप्ता कापून घेई, २०२० पासून सहभाग ऐच्छिक झाल्यावर सामायिक सुविधा केंद्राचा चालक विमा कंपनीकडून प्रतिअर्ज ४० रुपये घेऊन अर्ज भरू लागला, आणि दोघांचेही काम अर्जापाशी संपते. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१८ मध्ये परभणीचेच उदाहरण देऊन, सोयाबीनसाठी शेतकरी, राज्य व केंद्र यांच्याकडून मिळून १७३ कोटी रुपये हप्ता जमा झाला आणि भरपाई सुमारे ३० कोटींची मिळाली, असा आरोप केला, तेव्हा देशभर चर्चा झाली. परंतु उंबरठा उत्पन्न, म्हणजे मागील वर्षांच्या सरासरीवरून काढलेली भरपाईची मर्यादा, कशी ठरली हे शेतकऱ्याच्या वतीने विचारणारा परवानाधारक व्यावसायिक त्या व्यवस्थेत कोठेच नव्हता. पीककापणीच्या आकड्यांपुरते तरी हे काम शेतकरी उत्पादक कंपन्यांना एखाद्या दलालाकडून मोबदला देऊन करवून घेता आले असते.

अपघात विम्याच्या बाबतीत शासनाने उलट मार्ग स्वीकारला. विमा कंपन्यांचा विलंब आणि अनावश्यक त्रुटी ही कारणे नमूद करून एप्रिल २०२३ मध्ये त्या योजनेचे रूपांतर सानुग्रह अनुदानात करण्यात आले, कंपनी व दलाल दोन्ही वगळले गेले, आणि निर्णय तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील तालुका समितीकडे आला. सातबारा, फेरफार व शवविच्छेदन अहवाल हे कागद मात्र आजही द्यावेच लागतात.