अनुसरण : कोणाचे?
('स्मृतिचित्रे' आणि ख्रिस्ती जीवनकथनाची मराठी परंपरा)

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा ई. जोसेफिन इंक्स्टर ह्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९५० साली 'आय फॉलो आफ्टर' ह्या नावाने प्रसिद्ध झाला. हे शब्द पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात येतात आणि तेथे ते ख्रिस्ताच्या वाटेवर अजून चालत असलेल्या, मुक्कामी न पोहोचलेल्या माणसाचे शब्द आहेत. मूळ मराठी शीर्षकात मात्र कोणाच्या मागे जाण्याची कल्पना नाही. तेथे स्मृती आहे आणि चित्रे आहेत. अनुवादाच्या शीर्षकाने ग्रंथाचा एक अर्थ लावला. पण लावताना 'मागे जाणे' ह्या क्रियापदाचे कर्म मोकळेच ठेवले. मागे कोणाच्या? ख्रिस्ताच्या, की पतीच्या? मराठी समीक्षेने 'स्मृतिचित्रे'तील विनोदाचे, तिच्या निर्मळ बोलीचे, स्त्रीच्या आत्मभानाचे कौतुक भरपूर केले. हा प्रश्न मात्र तिने बहुधा सुटलेलाच मानला आहे : नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, आणि पाच वर्षांनी पत्नी त्यांच्या मागोमाग गेली. ग्रंथ नीट वाचल्यास हे उत्तर टिकत नाही.

ते का टिकत नाही हे समजण्यासाठी आधीच्या परंपरेकडे वळून पाहिले पाहिजे. फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. त्यात ख्रिस्ताचे चरित्र आहे, त्याच्या अनुयायाचा दिनक्रम नाही; पुराणाच्या घाटात तो बसणारही नव्हता. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' (१८८४) हे आत्मचरित्र खरे, पण नावाप्रमाणेच ते पहाटेपाशी थांबते. शंका, वाद, वाचन, घरच्यांचा विरोध आणि अखेरीस १८५४ मधील बाप्तिस्मा असा त्याचा प्रवास आहे. दिवस उजाडल्यानंतर त्या उजेडात काय काय करावे लागले, ह्याची उत्कंठा त्या लेखनप्रकाराला नाही. धर्मांतर हा तेथे कथेचा शेवट असतो. पंडिता रमाबाईंनी ही अडचण ओळखली होती. १८८३ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात सांगतात की ख्रिस्ताचा धर्म हाती आला तरी प्रत्यक्ष ख्रिस्त गवसायचा राहिला होता. धर्म स्वीकारणे आणि ख्रिस्ताला अनुसरणे ह्यांमधील हे अंतर मराठी ख्रिस्ती गद्याच्या इतिहासात मोलाचे आहे. परंतु रमाबाईंचे निवेदन साक्षीचे आहे. साक्ष देणारा आणि अनुसरणारा तेथे एकच, आणि ऐकणारेही बहुतांशी त्याच श्रद्धेचे. पूर्ण अंतःकरणाने अनुसरणे म्हणजे काय, हे अनुसरणाऱ्याच्याच तोंडून ऐकण्याला एक अंगभूत मर्यादा असते. त्याचे ओझे दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर पडले, हे त्याला दिसतेच असे नाही.

टिळकांच्या बाबतीत ते ओझे कोणी उचलले, हे निश्चितपणे सांगता येते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचत वाचत ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथून त्यांना पुस्तक खाली ठेवता आले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्यातील एक तपशील मात्र दुर्लक्षिला जातो. टिळकांना ज्याने जिंकले ते प्रवचन मत प्रतिपादन करीत नाही, वर्तन मागते : उद्याची चिंता करू नका, मागेल त्याला द्या, शत्रूवर प्रीती करा. पदमनजींच्या पिढीने ख्रिस्ती धर्म प्रमाणांच्या कसोटीवर घासून घेतला. टिळकांनी तो आज्ञा म्हणून घेतला, आणि आज्ञा घरात पाळायची असते.

वारकरी संस्कारातून आल्यामुळे हे त्यांना परके वाटले नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. युरोपात पंधराव्या शतकापासून थॉमस ए केम्पिसच्या नावावर रूढ असलेला आदर्श 'अनुकरणा'चा आहे. त्यात मठाची भिंत आणि एकांत गृहीत आहे. टिळकांच्या मनातील आदर्श 'अनुसरणा'चा आहे, वारीसारखा, रस्त्यावरचा, सोबत चार माणसे असलेला. अनुकरणात आदर्शासारखे व्हायचे असते. अनुसरणात त्याच्या पाठीमागे चालायचे असते, आणि चालताना घरदार कोठे ठेवायचे हा प्रश्न सुटत नाही. ख्रिस्ताला त्यांनी 'माउली' म्हटले तेही ह्याच संस्कारातून.

ह्या माउलीच्या कल्पनेपाशी थोडे रेंगाळणे आवश्यक आहे. रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाल्यावर घरी राहिलेल्या तान्ह्या मुलासाठी ताशीव कडा उतरून गेलेल्या गवळणीचे नाव तिला आहे, तिच्या नावाचा बुरूज वर आहे. कोकणाच्या लोकमानसातील वात्सल्याची ही प्रतिमा उतरण्याची प्रतिमा आहे. वरून खाली, जीव धोक्यात घालून, लेकराकडे. दापोली तालुक्यातल्या करजगावी जन्मलेल्या टिळकांच्या कवितेतला ख्रिस्त हिरकणीच्या कथेतून आला असे सुचवायचे नाही. तसा पुरावा नाही. पण देवाच्या मनुष्यरूप घेण्याला आईचे उतरणे म्हणून समजून घेणारी मराठी संवेदना कोणत्या मातीतली, हे त्या कथेवरून कळते. टिळकांच्या घरात मात्र ह्या प्रतिमेची दिशा उलटली. हिरकणी कडा उतरली ती लेकरासाठी. टिळकही कडा उतरले. पण त्यांचे मूल आणि त्यांची पत्नी वरच राहिली, दरवाजे बंद झालेल्या गडावर.

पतीच्या बाप्तिस्म्यानंतरची वर्षे लक्ष्मीबाईंनी नातेवाइकांच्या आश्रयाने काढली, काही काळ पंढरपुरात. पुढे त्या अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) गेल्या, तेही आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेवून. ग्रंथातील सर्वांत महत्त्वाचे वळण येथे आहे. ते कळण्यासाठी ग्रंथाच्या आरंभी परतले पाहिजे. लक्ष्मीबाईंच्या मातामहांना १८५७ च्या उठावानंतर फाशी झाले आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनाने सोवळ्याचा विलक्षण ध्यास घेतला. घरात येणारी वस्तू न् वस्तू धुतली जाई, जी धुणे शक्य नाही तीसुद्धा. लक्ष्मीबाई हे हसतहसत सांगतात. पण राजसत्तेच्या भयाने पाण्याचा आश्रय घेणारे ते घर त्यांच्या ग्रंथाची पहिली खोली आहे. त्या घरात वाढलेली स्त्री अनेक वर्षांनी एका विचारापाशी येते की जाती माणसांनी केल्या, देवाने नव्हेत. आणि त्यानंतर ती कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागते. हे घडते तेव्हा तिचा बाप्तिस्मा झालेला नसतो. तो झाला १९०० मध्ये. म्हणजे अनुसरण आधी आणि धर्मांतर मागाहून. शिवाय हा निर्णय पतीच्या उपदेशाने झालेला नाही; उपदेशाला त्यांनी वर्षानुवर्षे दाद दिली नव्हती. 'पतीमागोमाग' ह्या वाचनाला ग्रंथानेच दिलेले हे उत्तर आहे.

टिळकांचे अनुसरण आणि लक्ष्मीबाईंचे अनुसरण ह्यांत जातीचा, कदाचित प्रकृतीचाच फरक आहे. टिळकांचे त्यागाच्या झेपांनी पुढे जाते. हाती आलेला पैसा घरी पोहोचेल ह्याची शाश्वती नसे. वाटेत गरजू भेटला की संपले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला बिऱ्हाड केले आणि 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून स्थान होते. परकीय पैशावर पोसलेली मंडळी ह्या देशात ख्रिस्ताची खरी मंडळी होऊ शकणार नाही, ही त्यांची भूमिका राष्ट्रीय होती आणि धार्मिकही होती. तिचे ऐतिहासिक महत्त्व वादातीत आहे. परंतु उद्याची चिंता करू नका ही आज्ञा एकाने अक्षरशः पाळली की त्या घरात कोणाला तरी चिंता करावीच लागते. 'स्मृतिचित्रे' ही त्या चिंतेची वही आहे. त्यात तक्रार आहे, पण निवाडा नाही. टिळकांच्या संतापाचे, लहरींचे, विसराळूपणाचे वर्णन करणारी निवेदिका त्यांच्या श्रद्धेच्या खरेपणाविषयी एकदाही शंका घेत नाही, आणि त्या खरेपणाला सवलतही देत नाही. संतचरित्राच्या परंपरेला हा स्वर अपरिचित आहे. तुकारामाची पत्नी त्या परंपरेत कजाग म्हणून उरली, कारण तिची बाजू तिने लिहिली नाही.

येथे एका मर्यादेकडेही बोट दाखवले पाहिजे. हिरकणीवाडी ज्या महाड तालुक्यात आहे, त्या महाड शहरात २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग त्यानंतर सात वर्षांनी, १९३४ मध्ये, पुस्तकरूपाने आला. पाणी दोन्हीकडे आहे. लक्ष्मीबाईंनी पाण्याचा प्रश्न स्वतःपुरता, स्वयंपाकघरात सोडवला. महाडला तो हक्क म्हणून गावच्या तळ्यावर मांडला गेला. वरच्या जातीतून आलेल्या व्यक्तीला 'मी कोणाचे पाणी घेईन' हे ठरवता येते. ज्याला पाणीच नाकारले आहे त्याच्या अनुसरणाची सुरुवात तेथून होऊ शकत नाही. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या आपल्या लेखनात आंबेडकरांनी हाच मुद्दा धरला होता : धर्मांतरितांच्या ऐहिक अन्यायाचे निवारण चर्चने आपले काम मानले नाही, आणि जात चर्चच्या आतही राहिली. अहमदनगरच्या मिशनमधील ख्रिस्ती बहुसंख्येने महार-मांग समाजांतून आलेले होते. लक्ष्मीबाई त्यांच्यात राहिल्या, त्यांच्या सुखदुःखात मिसळल्या. तरी त्यांच्या नजरेतून टिळकांचे घर कसे दिसत होते, हे 'स्मृतिचित्रे'तून उमगत नाही. ह्या ग्रंथाची थोरवी मान्य करूनही हे म्हणावे लागते. मराठी ख्रिस्ती जीवनकथनातील ती दुसरी वही बव्हंशी कोरीच राहिली.

टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा त्यांचा संकल्प 'ख्रिस्तायन' ह्या नावाने सुरू झाला होता. सुरुवातीचे दहा-साडेदहा अध्यायच त्यांच्या हातून झाले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. जिला पतीनेच अक्षरओळख दृढ करून दिली होती, तिने पतीच्या ग्रंथाचा बहुतेक सारा भार उचलला, आणि हे करताना त्याच्या शैलीची नक्कल केली नाही. त्यांची ओवी अधिक घरगुती आहे. गालीलातील माणसे तिच्यात ओसरीवर बसल्यासारखी बोलतात. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि 'स्मृतिचित्रे'च्या अखेरच्या भागातील राहिलेले कथन मुलाने, देवदत्त टिळकांनी, पुरे केले.