नजर कुठे अडते?

सकाळी अंबरपेठेतून उस्मानिया विद्यापीठाकडे फिरायला जाणाऱ्या आपल्या मंडळींत जुनी माणसे असली की एक आठवण हमखास निघते: इथे सगळे शिक्षण उर्दूतून होते, कोठीच्या वैद्यकीय कॉलेजातली डॉक्टरकीसुद्धा. १९१७ साली 'दारुल तर्जुमा' हे भाषांतर खाते निघाले, १९१८ साली विद्यापीठ. शास्त्राची पुस्तके उर्दूत आणायची तर शब्द घडवणे आले, आणि ते पुष्कळसे अरबी-फारसीवरून घडले. आमच्या मते गोम इथेच होती. भाषा रोजची असली म्हणून शब्दही रोजचे होत नाहीत.

वाचणाऱ्याची नजर कुठे अडते हे तेव्हा पाहता येऊ लागले होते. पॅरिसचे नेत्रवैद्य एमिल जावाल यांनी १८७९च्या सुमारास लिहून ठेवले की डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो. आता कॅमेऱ्याने हे मोजतात. एकेक थांबा साधारण पाव सेकंदाचा. अनोळखी शब्दावर तो लांबतो, नजर मागेही फिरते. मुंबईच्या आयआयटीत भाषांतराला कोणते वाक्य जड जाईल, हे अशाच नोंदींच्या आधारे २०१३ साली अजमावले गेले. हिब्रू आणि इंग्रजी दोन्ही वाचणाऱ्यांवर १९८१ साली झालेला प्रयोग तर आपल्या फार जवळचा: हिब्रू वाचताना नजर डावीकडचे जास्त टिपते, इंग्रजी वाचताना उजवीकडचे. उर्दू कचेरीत आणि मराठी घरात वाचणाऱ्या आपल्या आजोबांचे डोळेही रोज अशीच बाजू बदलत असणार.

पण नजर थांबली नाही म्हणजे समजले, असे नाही. आखूड शब्द तर डोळा बरेचदा ओलांडूनच जातो.

गेल्या वर्षी आमचे बाबा दवाखान्यातून घरी आले. कागद इंग्रजीत. बाबा शिकलेले, औषधाचे लांबलचक नाव अक्षर-अक्षर लावून वाचले. पुढे दोनच अक्षरे होती, 'बीडी', म्हणजे दिवसातून दोनदा. ती तशीच राहिली. आठवडाभर गोळी एकदाच घेतली गेली. विचारले तर म्हणाले, "बिडी तर मी कधीच सोडली!" आम्ही हसलो खरे, पण रक्तदाब वाढलेला होता.

आता आई प्रत्येक पाकिटावर जाड पेनाने लिहिते: सकाळी एक, रात्री एक.