वॉकेशाचे पाणी

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वॉकेशा नावाचे गाव आहे. १८६८ साली कर्नल डनबार यांनी सांगितले, की इथल्या झऱ्याने आपला मधुमेह हटला. झाले, लोकांची रीघ लागली! १८९२ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनासाठी ते पाणी नळाने न्यायला मजूर आले, तेव्हा गावाने त्यांना पिटाळून लावले. पाण्यासाठी गाव कसे उठते, हे तुम्हांला का सांगायला हवे?

पुढे वस्ती वाढली. हजार फुटांहून खोल, वालुकाश्मात विंधणविहिरी गेल्या. त्या खोल पाण्यात निसर्गतःच रेडियम. आपले शरीर त्याला चुन्याचाच भाऊबंद समजते नि हाडांत साठवते. म्हणून १९७६ साली सरकारने लिटरमागे ५ पिकोक्युरी ही मर्यादा घातली. रेडियम पाण्यातून काढता येते हो, पण ते नाहीसे होत नाही. गाळात नाहीतर सांडपाण्यात उतरते.

अखेर गावाला मिशिगन सरोवराचे पाणी मागावे लागले. २०१६ मध्ये आठ राज्यांच्या गव्हर्नरांनी होकार दिला, पण घेतले तेवढे परत करायच्या अटीवर. ऑक्टोबर २०२३ पासून पाणी मिलवॉकीहून येते. सांडपाणी शुद्ध करून रूट नदीत सोडतात, आणि ती सरोवराला मिळते.