पत्र्याचा बिल्ला आणि इतिहासाचा पुरावा : निवडणूक-प्रचारसाहित्याच्या संग्रहाचे मोल

निवडणुकांचा इतिहास लिहिताना अभ्यासक ज्या साधनांचा आधार घेतात, त्यांत जाहीरनामे, नेत्यांची भाषणे, वृत्तपत्रीय वार्तांकन आणि आयोगाचे अहवाल ही प्रमुख होत. ही सारी साधने मुख्यतः साक्षरांनी साक्षरांसाठी निर्माण केलेली आहेत. याउलट पत्र्याचा बिल्ला, कागदी झेंडा, भित्तिपत्रक, नमुना मतपत्रिका या वस्तू मतदानाच्या दिवसापुरत्याच जन्माला येतात आणि निकालानंतर रद्दीत जातात. त्यांतल्या थोड्या वाचतात त्या बहुधा एखाद्या संग्राहकाच्या छंदामुळे. या वस्तू लक्षावधी लोकांनी आपापल्या परीने ‘वाचलेल्या’ संहिता आहेत. म्हणूनच त्यांचा विचार केवळ राज्यशास्त्रावर सोपवून चालणार नाही.

तुलनेसाठी अमेरिकेचे उदाहरण उपयुक्त ठरते. १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पदग्रहणप्रसंगी लोकांनी अंगरख्यांना स्मरणार्थ पितळी गुंड्या लावल्या होत्या. १८९६ च्या मॅकिन्ले-ब्रायन लढतीत सेल्युलॉइडचे आवरण असलेला, टाचणीने लावायचा बिल्ला मोठ्या प्रमाणावर प्रचारात आला. १९४५ मध्ये तेथील संग्राहकांची संघटना स्थापन झाली, आणि स्मिथसोनियनसारख्या संस्थेनेही या वस्तूंना संग्रहालयात स्थान दिले. तेथील बिल्ल्यावर प्राधान्य असते ते उमेदवाराच्या नावाला, चेहऱ्याला आणि घोषवाक्याला. भारतीय बिल्ल्याच्या केंद्रस्थानी मात्र चिन्ह आहे. हा भेद अभिरुचीचा नसून वाचनव्यवहाराचा आहे.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांची संख्या सुमारे १७ कोटी ३० लाख होती, तर १९५१ च्या जनगणनेनुसार साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी ठेवण्यात आली व तीवर त्याचे चिन्ह लावण्यात आले. मतदाराने मतपत्रिकेवर कोणतीही खूण न करता ती आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाची होती. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, जनसंघाची पणती, कम्युनिस्टांचे कणीस-विळा ही चित्रे खेड्यातील माणसाच्या नित्य परिचयाची होती. त्या काळचा बिल्ला म्हणजे एका अर्थी मतपेटीवरील चित्राची छातीवर मिरवलेली प्रत होय.

अशा बिल्ल्यांचा संग्रह कालक्रमाने मांडला, की पक्षांच्या अधिकृत इतिहासांत न सापडणारी एक गोष्ट स्पष्ट होते : चिन्हे पक्षांची नसतात, ती पक्षांकडे वस्तीला येतात. १९७८ मध्ये काँग्रेस(इं)ने स्वीकारलेला हाताचा पंजा पहिल्या निवडणुकीत नागपूरचे कामगार पुढारी रुईकर यांच्या फॉरवर्ड ब्लॉक गटाचे चिन्ह होता. हत्तीचा प्रवास याहून अर्थपूर्ण आहे. डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला १९५२ मध्ये लोकसभेच्या केवळ २ जागा मिळाल्या, स्वतः डॉ. आंबेडकर मुंबईत पराभूत झाले. आकडेवारीच्या इतिहासात हे प्रकरण येथे संपते. परंतु हत्ती १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाकडे आला आणि पुढे बहुजन समाज पक्षाने २००७ मध्ये उत्तर प्रदेशात त्याच चिन्हावर स्वबळावर बहुमत मिळवले. पराभूतांची परंपरा कशी टिकते, याचा हा दृश्य पुरावा आहे.

चिन्हाचा अर्थही स्थिर राहत नाही. १९६९ च्या फुटीनंतर काँग्रेसच्या दोन्ही गटांना १९७१ मध्ये बैलजोडीविना लढावे लागले. इंदिरा गांधींच्या पक्षाला गाय-वासरू मिळाले, तर संघटना काँग्रेसला चरखा चालवणारी स्त्री. मराठीत ‘वासरू’ आणि ‘विसरू’ यांचे यमक साधून प्रचाराची घोषणा तयार झाली. चित्र देशभर एकच असले, तरी हे यमक मराठीबाहेर जाऊ शकत नव्हते. आणीबाणीनंतर विरोधकांनी त्याच चित्रात माता-पुत्राच्या सत्तेचे उपहासचित्र पाहिले. राष्ट्रीय प्रतिमा आणि प्रादेशिक शब्द यांच्या संयोगातून अर्थ घडतो, हे तौलनिक अभ्यासाचे सूत्र येथे हातात धरता येण्याजोग्या वस्तूत दिसते.

या संयोगाचे राजकीय परिणाम किती खरे असतात, हे २०२४ मध्ये महाराष्ट्रात दिसून आले. शरद पवार यांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळाले होते. त्याच वेळी काही अपक्षांकडे असलेल्या दुसऱ्या एका वाद्याचे मराठी नावही ‘तुतारी’ असेच नोंदले गेले होते. सातारा लोकसभा मतदारसंघात त्या चिन्हावरील अपक्षाला पडलेली मते विजयी उमेदवाराच्या मताधिक्याहून अधिक होती. ती सारी संभ्रमातूनच पडली असे सिद्ध करता येत नाही. पण भाषांतराचा प्रश्न मतपत्रिकेपर्यंत पोहोचला होता, एवढे निश्चित.

अर्थात, संग्रहाच्या पुराव्यालाही मर्यादा आहेत. पत्रा टिकतो, कागद टिकत नाही. मोठ्या पक्षांच्या वस्तू विपुल बनतात, अपक्षांच्या नामशेष होतात. आकर्षक वस्तू जपली जाते, ओबडधोबड टाकली जाते. शिवाय बिल्ल्यावर सहसा सन नसतो. गाय-वासराचा बिल्ला १९७१ ते १९७७ या काळाशी जोडता येतो, परंतु बैलजोडीचा कोणत्या निवडणुकीतला, हे केवळ चित्रावरून ठरत नाही. पत्रकांची स्थिती थोडी बरी आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९६१ मध्ये समाविष्ट झालेल्या १२७-अ या कलमाने पत्रके व भित्तिपत्रके यांवर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते छापणे बंधनकारक केले. तळाशी बारीक टंकात असलेल्या या ओळीवरून प्रचार कोणत्या गावी छापला गेला, त्यामागे कोण होते, याचा माग काढता येतो. बिल्ल्याला ही ओळ नाही. तेथे संग्राहकाने वस्तू कोठे, केव्हा व कोणाकडून मिळाली याची केलेली नोंद हाच एकमेव दाखला उरतो. ती नोंद हरवली, की पुरावा केवळ शोभेची वस्तू होऊन बसतो.

म्हणून विद्यापीठीय ग्रंथालयांनी असे खाजगी संग्रह स्वीकारताना वस्तूंबरोबर संग्राहकांच्या वह्याही जतन केल्या पाहिजेत. जाहीरनामा पक्ष काय म्हणाला ते सांगतो. मतदारासमोर काय आले आणि त्याने ते कोणत्या भाषेत उच्चारले, हे सांगण्याची शक्यता या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंतच शिल्लक आहे.