मुचलक्यावरची व्यसनमुक्ती

बिरसीचे नाव निघाले की गोंदियाकर विमानतळाकडे बोट दाखवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेली ती धावपट्टी. मला मात्र आज आसपासच्या भाताच्या बांधीतून एका मजुराला कल्पनेने उभे करायचे आहे. त्याच्याजवळ थोडा गांजा सापडला. न्यायालयाने त्याला तुरुंगात न धाडता उपचाराला पाठवले. चार महिन्यांनी त्याने पुन्हा चिलीम ओढली. त्याला आजार उलटला म्हणायचे की दुसरा गुन्हा घडला म्हणायचे?

हा प्रश्न जुना आहे. बिरसी मध्यप्रांताच्या भंडारा जिल्ह्यात होती तेव्हा गांजा ही सरकारी उत्पन्नाची बाब होती. निमाड जिल्ह्यातील खांडव्याकडे सरकारच्या देखरेखीखाली तो पिकत असे. गांजाने माणसे वेडी होतात, अशी हाकाटी लंडनपर्यंत गेली आणि १८९३ साली आयोग नेमला गेला. आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरे तपासली. १८९२ साली दाखल झालेल्यांपैकी २२२ रुग्णांचे वेड दप्तरी मादक भांगवर्गीय पदार्थांच्या नावावर मांडले होते. एकेकाची चौकशी झाल्यावर उरले ९८, आणि त्यांतही अनेकांना इतर कारणे जोडलेली होती. वेडाचे कारण पुष्कळदा पोलिसांच्या कागदावरून जसेच्या तसे उतरवले जाई. कारकुनाने लिहिले, की ते वैद्यकशास्त्र झाले! वसाहतीच्या सरकारने स्वतःच नेमलेल्या आयोगाने हे उघड करावे, याचे मला अजूनही कौतुक वाटते.

स्वतंत्र भारतात १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला. त्याचे ३९ वे कलम उदार आहे. दोषी ठरलेल्या व्यसनाधीनास, त्याची संमती असल्यास, शिक्षा न सुनावता सरकारमान्य संस्थेत उपचारासाठी सोडता येते. मुचलका लिहून द्यायचा, आणि एका वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल घेऊन न्यायालयासमोर हजर व्हायचे. अहवाल समाधानकारक असेल तर समज देऊन, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या नव्या मुचलक्यावर सुटका. २००१ च्या दुरुस्तीने अल्प प्रमाणातील इतर गुन्हेही या कलमाखाली आले.

आता त्या मुचलक्यातली अट पाहा: कायद्याच्या चौथ्या प्रकरणातला कोणताही गुन्हा करायचा नाही. नुसते सेवन हा २७ व्या कलमाचा गुन्हा, आणि ते कलम याच चौथ्या प्रकरणात बसते. म्हणजे वैद्य ज्याला रोगाचा स्वभाव म्हणतो, तोच कायद्याच्या भाषेत करारभंग होतो. चोरी करणारा आणि चिलीम ओढणारा एकाच रकान्यात जातात. पुढे आकडे मोजणाऱ्याला ‘पुनर्गुन्हा’ दिसतो, त्यामागचा माणूस दिसत नाही. १८९२ चे ते दप्तर आठवा.

देखरेख व्यर्थ आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. अमेरिकेत मायामी येथे १९८९ साली व्यसनाधीनांसाठी वेगळे न्यायालय निघाले. तेथे न्यायाधीश आरोपीला वारंवार बोलावून विचारपूस करतो. अशा न्यायालयांच्या दीडशेहून अधिक मूल्यमापनांचा आढावा २०१२ साली निघाला. त्यात प्रौढांमधील पुनर्गुन्ह्याचे प्रमाण शंभरात सुमारे पन्नासावरून अडतीसवर आलेले दिसते. अडतीस जण तरीही परतले, हेही त्याच आढाव्यात आहे.

आपल्याकडे पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता, म्हणजेच सुनंदा अवचट, आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तेथे आतला उपचार पाच आठवड्यांचा असतो. खरी कसोटी रुग्ण घरी गेल्यावर लागते, म्हणून पुढच्या भेटींना आणि घरच्यांच्या सहभागाला तेथे मोल आहे. ३९ व्या कलमात मात्र अहवाल आहे, तारीख आहे, मुचलका आहे. या मधल्या दिवसांत माणसाची विचारपूस कोणी करावी, हे लिहिलेले नाही. बिरसीच्या त्या मजुराची तारीख ऐन रोवणीत पडली, तर त्या दिवसाची मजुरी बुडवून तो गोंदियाला जाईल की बांधीत उतरेल, हे न्यायाधीशाला मुचलका वाचून कळणार नाही.