डोंगर चढणाऱ्या खारी

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तहनामे एवढेच बहुधा डोळ्यांपुढे येते. परंतु उंदरांना आणि खारींनाही इतिहास असतो. मात्र तो लिहून ठेवणारा कोणी भेटावा लागतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याला असे एक बखरकार लाभले. त्यांचे नाव जोसेफ ग्रिनेल.

१९०८ साली ॲनी अलेक्झांडर या धनिक व निसर्गप्रेमी बाईंच्या देणगीतून बर्कलेच्या विद्यापीठात पृष्ठवंशीय प्राण्यांचे म्युझियम स्थापन झाले आणि ग्रिनेल त्याचे पहिले संचालक झाले. वसाहत व शेती वाढत असता राज्यातील मूळ प्राणिजीवन पालटणार, हे त्यांनी ओळखले. १९१४ ते १९२० या काळात ते व त्यांचे सहकारी योसेमिटीच्या डोंगराळ मुलुखात हिंडले. कोठे किती सापळे लावले, किती उंचीवर कोणता प्राणी सापडला, हे सारे लगोलग टिपून ठेवावे, असा त्यांचा दंडक होता. या श्रमाचे खरे मोल कदाचित शतकानंतरच्या अभ्यासकाला कळेल, असे त्यांनी १९१० मध्येच लिहून ठेवले होते. १९३९ साली ते निवर्तले.

शतक उलटत आले तेव्हा, २००३ पासून, त्याच म्युझियमचे शास्त्रज्ञ ती टिपणे हाती घेऊन त्याच जागी पुन्हा गेले. मधल्या काळात तेथील किमान तापमान सुमारे ३ अंश सेल्सिअसने वाढले होते. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या २८ जातींच्या लहान सस्तन प्राण्यांपैकी निम्म्या जातींच्या वस्तीच्या सीमा सरासरी सुमारे ५०० मीटर वर सरकल्या होत्या. या मुलुखाचा मोठा भाग १८९० पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला. तेव्हा सारा दोष कुऱ्हाडीला वा नांगराला देता येईना.

प्राणी बदलत्या हवामानाशी जुळवून घेतात, असे आपण सहज म्हणतो. येथे जुळवून घेणे म्हणजे बिऱ्हाड हलविणे होते. सखल भागातील काही जातींचा मुलूख त्यामुळे वाढला. उंचावर राहणाऱ्यांचा मात्र आकसला. आल्पाइन चिपमंक नावाची पट्टेदार खार आपल्या पूर्वीच्या खालच्या सीमेपासून ६०० मीटरांहून अधिक वर गेली. पर्वत वर निमुळता होत जातो आणि शिखरापलीकडे चढावयास जागा नसते. म्युझियमने जपलेल्या जुन्या कातड्यांतील आनुवंशिक द्रव्य आजच्या खारींशी ताडून पाहिले, तेव्हा या जातीतील वैविध्य घटल्याचे व तिच्या वसाहती एकमेकींपासून तुटत चालल्याचे २०१२ मध्ये दिसून आले.

ग्रिनेल तापमानवाढीच्या शोधात निघाले नव्हते. पुढे कोणता प्रश्न विचारला जाईल हे ठाऊक नसतानाही त्यांनी उत्तर जपून ठेवले. ज्या डोंगरांवर अशी टिपणे कोणी केली नाहीत, तेथून कोणता जीव केव्हा निघून गेला, हे आज कोणालाच सांगता येणार नाही.