भाऊंच्या घराची डागडुजी

कोकणातला माणूस मुंबईला आला आणि राणीच्या बागेत गेला नाही, असं आमच्या लहानपणी होत नसे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं भायखळ्याला मामूंच्या खोलीवर यायचो. मामू गिरणीत होते. रविवारी ते आम्हाला बागेत न्यायचे. आधी हत्ती, मग वाघ, आणि ऊन फार झालं की म्युझियम. मामू त्याला अजबखाना म्हणायचे. आत गारवा असे आणि एक दमट, कुबट वास. काचेवर इतकी धूळ, की आतलं पाहायला बोटानं जागा पुसावी लागायची. मामू एका कोपऱ्यात बसून डुलकी काढत. अजबखान्याचा त्यांना ठाऊक असलेला उपयोग तेवढाच होता.

त्या वास्तूला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव १९७५ साली मिळालं. त्याआधी ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. या संग्रहालयाचा जन्मच मोठा अडखळत झाला. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनाला पाठवायला इथल्या वस्तू गोळा केल्या, त्यांचे जोड नमुने ठेवून घेतले आणि फोर्टातल्या एका बराकीत संग्रहालय मांडलं. दोन वर्षांत सत्तावनचा उठाव झाला. बराक फौजेला हवी होती. वस्तू घाईघाईनं बाहेर काढल्या गेल्या, पुष्कळ मोडल्या. तो मोडका संसार पुन्हा उभा करायला शहरातली मंडळी पुढं आली. त्यात जगन्नाथ शंकरशेट होते, जॉर्ज बर्डवूड होते आणि आपले भाऊ दाजी होते.

भाऊ मूळचे गोव्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून १८५१ साली डॉक्टर झाले. दिवसा रोगी तपासायचे आणि उरलेल्या वेळात शिलालेख वाचायचे. असा माणूस संग्रहालयासाठी वर्गणी मागत फिरला, याचं मला नवल वाटत नाही. पायाभरणी १८६२ साली झाली. तेव्हा अमेरिकेतल्या यादवीमुळं मुंबईत कापसाचा पैसा वाहत होता. यादवी संपली, १८६५ साली भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला आणि वर्गणीही आटली. मग सरकारनं काम हाती घेतलं. २ मे १८७२ रोजी दारं उघडली. ते पाहायला शंकरशेट नव्हते. भाऊही पुढं दोनच वर्षं जगले.

पुढच्या सव्वाशे वर्षांत छत गळत राहिलं. रंगावर रंग चढत गेले. २००३ साली महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला, तेव्हा कुठं खऱ्या अर्थानं हात लागला. काम वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्याकडं होतं. रंगाचे थर खरवडले तेव्हा खालून जुनी नक्षी आणि सोन्याचा मुलामा वर आला. मिंटनच्या फरश्या पुन्हा चमकल्या. २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च सन्मान मिळाला आणि २००८च्या जानेवारीत संग्रहालय पुन्हा उघडलं. पुढं सुदर्शन शेट्टी, जितिश कलाट, अतुल डोडिया अशा आजच्या चित्रकार-शिल्पकारांना तिथं बोलावलं गेलं. जुन्या कपाटांच्या मधोमध त्यांनी आपलं काम मांडलं.

उघडल्यावर मी गेलो. त्या मातीच्या मूर्ती, तऱ्हेतऱ्हेच्या पगड्या, मुंबईतल्या जातीजमातींचे आणि धंद्यांचे नमुने, सगळं स्वच्छ काचेआड होतं. हातिमताईचं सतराव्या शतकातलं हस्तलिखितही तिथं आहे. हातिमताईच्या गोष्टी आम्हाला आजी सांगायची, कोकणीत. ती हस्तलिखितं होतात, काचेत ठेवतात, हे तिला सांगायला पाहिजे होतं. पण ती तोवर गेली होती. मामूही.

संग्रहालयाला जागा अपुरी पडत होती. शेजारी नवी इमारत बांधायचं ठरलं, जगभरातून आराखडे मागवले. शंभराहून अधिक आले. अखेरच्या आठांत झाहा हदीद होत्या. बगदादच्या या बाईंची इमारत भायखळ्यात उभी राहिली असती, तर मोहल्ल्यातल्या पोरींना काय वाटलं असतं, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला. पण २०१४ साली निवड झाली अमेरिकेच्या स्टीव्हन हॉल यांची. जुन्या वास्तूला धक्का न लावता सुमारे सव्वा लाख चौरस फुटांची पांढऱ्या काँक्रीटची इमारत, भिंती कापून आत घेतलेला सूर्यप्रकाश आणि बाहेर पाण्याचा हौद, ज्याच्या पाण्याखालच्या सौरपट्ट्या वीज देतील, असा तो आराखडा होता.

ती इमारत उभी राहिली नाही. त्याच बागेत २०१७ साली पेंग्विनांचं थंडगार घर मात्र लोकांसाठी खुलं झालं. पेंग्विनांशी माझं वैर नाही. नातवंडांना घेऊन मीही रांगेत उभा राहिलो. पण ती रांग संग्रहालयाच्या दारावरून पुढं जाते आणि आत फारसं कुणी वळत नाही. मला बोचतं ते हे. मामूंसारखी माणसं निदान गारव्यासाठी तरी आत शिरत होती.

जुन्या वास्तूत पुन्हा ओल शिरली. दुरुस्तीसाठी ती बंद राहिली आणि २०२५ साली परत उघडली. दीडशे वर्षांच्या घराची डागडुजी संपत नसते, हे कोकणातल्या कौलारू घरात वाढलेल्याला वेगळं सांगायला नको. नव्या इमारतीचे आराखडे पुन्हा निघाले, तर त्यात माझी एक मागणी आहे. बाहेरच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. १९१४ साली ते जोडून त्याला इथं उभं केलं. त्याच्या शेजारी सावलीत एक लांब बाक टाकावा, आणि बाकावरून आतलं दार दिसावं.